जलतरण तलावाचे घर आणि आपली थंडी : घेण्याआधी हिशोब मांडू या

डिसेंबरच्या शेवटी करडी-पालोरा परिसरात पहाटे बाहेर पडले तर धानाच्या रिकाम्या बांध्यांवर धुके बसलेले असते. दारादारात शेकोटी पेटलेली असते आणि आंघोळीला चुलीवर पाणी ठेवलेले असते. नेमक्या याच दिवसांत मोबाईलवर जाहिराती येतात. नागपूर-भंडारा रस्त्यावर प्लॉट, फार्महाऊस, रो-हाऊस, आणि प्रत्येक चित्राच्या मधोमध निळ्याशार पाण्याचा तलाव. चित्रात कायम एप्रिल असतो. थंडीतला तलाव कोणी दाखवत नाही.

समजा, करडीच्या एका बौद्ध कुटुंबातला मुलगा शिकला, नागपुरात नोकरीला लागला, बायकोही कमावती आहे. दोघांना मिळून गृहकर्ज मंजूर होते. समोर दोन पर्याय आहेत : साधे घर, आणि थोडा जास्त हप्ता भरून जलतरण तलाव असलेले घर. घरचे म्हणतात, "घेऊन टाक, आपल्या लेकरांनी काय फक्त बोडीतच पोहायचे?" मित्र म्हणतात, "बाप्पा, कशाला ही चैन?" दोघांच्याही बोलण्यात हिशोब नाही, भावना आहे. म्हणून या लेखात आम्ही हिशोब मांडणार आहोत. आपल्याकडची थंडी, पाणी, वीज, जमीन, कागदपत्रे आणि लेकरांची सुरक्षितता, सगळ्यांचा. निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

बौद्ध माणसाने मोठे घर घेऊ नये, तलाव तर मुळीच घेऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या समाजाला तळ्याचे पाणी शिवू दिले जात नव्हते, त्या समाजातल्या मुलाने स्वतःच्या दारात पाणी साठवले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. त्याआधी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला होता आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. कागदावर हक्क होता, पाण्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. सत्याग्रहानंतर तळे 'बाटले' म्हणून ते शुद्ध करण्याचा विधी झाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

घराचीही गोष्ट तीच. १९१७ मध्ये बडोद्यात एवढ्या मोठ्या शिक्षणानंतरही बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले तेव्हा घर कशासाठी हवे, हे त्यांच्या मनात पक्के होते. ते घर पुस्तकांसाठी होते. आपल्यालाही घर घेताना हाच प्रश्न विचारता येतो : हे घर आम्हाला कशासाठी हवे आहे? तलाव त्या उत्तरात बसतो का?

आपल्याकडे खरेच एवढी थंडी असते का?

असते. विदर्भ म्हटले की सगळ्यांना ऊन आठवते, आणि ते खरेही आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले. पण त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. म्हणजे एकाच शहराच्या दोन टोकांत ४४ अंशांचा फरक. शेजारचा गोंदिया तर हिवाळ्यात विदर्भातले सर्वात थंड ठिकाण म्हणून वारंवार बातम्यांत येतो. समुद्र दूर, आभाळ निरभ्र, हवा कोरडी. त्यामुळे दिवसा साठलेली उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. वैनगंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आता पाण्याचे पाहू. उघड्या तलावातले पाणी साधारणपणे दिवस आणि रात्रीच्या तापमानाच्या सरासरीच्या आसपास राहते. कोरड्या हवेत बाष्पीभवनामुळे ते आणखी थोडे उतरते. जानेवारीत दुपारी अंगावर ऊन छान लागत असले तरी तलावातले पाणी २० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. आरामात पोहण्यासाठी साधारण २६ ते २९ अंशांचे पाणी लागते. आणि हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता कितीतरी वेगाने ओढून घेते. २० अंशांच्या हवेत आपण सदरा घालून फिरतो. २० अंशांच्या पाण्यात लहान लेकरू काही मिनिटांत कुडकुडायला लागते, ओठ निळे पडतात.

वर्षाचे गणित असे पडते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाणी गार. जुलै ते सप्टेंबर पावसाळा. पाणी गढूळ होते, शेवाळ वाढते, विजांच्या कडकडाटात पाण्यात उतरायचेच नसते. मे महिन्यात दुपारी उन्हामुळे उतरता येत नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ. म्हणजे तलाव बाराही महिने सांभाळायचा आणि वापरायचा फार तर सहा महिने. त्या सहा महिन्यांतही नोकरी करणारे घर किती दिवस पाण्यात उतरणार?

पाणी तापवायचे ठरवले तर

विक्रेता म्हणेल, हीटर बसवून देतो. त्याचा हिशोब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा घरगुती तलाव धरू. त्यात ३८.४ घनमीटर, म्हणजे ३८,४०० लिटर पाणी मावते. एवढे पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४५ युनिट वीज लागते. १९ अंशांवरून २९ अंशांवर न्यायचे तर सुमारे ४५० युनिट. घरगुती गॅसवर तापवायचे म्हटले तर १४.२ किलोचे जवळपास ३ सिलिंडर. आणि हे फक्त एकदा तापवण्याचे झाले. थंडीच्या रात्री तलाव उघडा राहून पाणी २ अंशांनी उतरले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ९० युनिट.

यावर उपाय आहेत. हीट पंप नावाचे यंत्र हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकते, त्यामुळे साध्या हीटरच्या साधारण एक चतुर्थांश विजेत काम होते. पण थंडी वाढली की त्याचीही क्षमता घटते. छतावर काळ्या नळ्यांचे सौर तापक बसवता येतात, मात्र त्यांना तलावाच्या निम्म्यापासून ते पूर्ण क्षेत्रफळाइतकी जागा लागते. आपल्या उदाहरणात १६ ते ३२ चौरस मीटर. सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी उपाय म्हणजे तलावावर रात्री पसरायचे आच्छादन. तलावाची उष्णता सर्वात जास्त बाष्पीभवनातून जाते, आणि आच्छादन नेमके तेच थांबवते. विक्रेता हीटरची किंमत सांगेल, आच्छादनाचे नाव काढणार नाही. तुम्ही आधी आच्छादन मागा.

वीज आणि पाण्याचे मासिक बिल

तलाव न वापरताही पाणी गाळणीतून फिरवत ठेवावे लागते, नाहीतर ते हिरवे पडते. पाऊण किलोवॅटचा, म्हणजे साधारण १ अश्वशक्तीचा पंप रोज ६ तास चालला तर दिवसाला साडेचार आणि महिन्याला १३५ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढे वरचा दर लागतो. म्हणजे एकटा पंपच घराला वरच्या टप्प्यात नेऊन ठेवतो. त्याशिवाय क्लोरिन, आम्लता राखायची रसायने, गाळणीतली वाळू आणि आठवड्याला येणाऱ्या माणसाची मजुरी.

समजा, हा सगळा खर्च वर्षाला ६०,००० रुपये आला आणि घरची माणसे वर्षातून ४० दिवस पाण्यात उतरली, तर एका दिवसाचे पोहणे १,५०० रुपयांना पडले. तुमचे आकडे वेगळे असतील. पण भागाकार हाच करायचा : वर्षाचा खर्च भागिले खरोखर वापरलेले दिवस.

पाण्याचा हिशोब मात्र रुपयांपलीकडचा आहे. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. ३८,४०० लिटर म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचे जवळपास १४० दिवसांचे पाणी. उन्हाळ्यात तलावाची पातळी रोज १ सेंटीमीटर उतरली तरी ३२० लिटर पाणी हवेत जाते, म्हणजे जवळपास सहा माणसांचा दिवसाचा वाटा. बोअरवेलवर भिस्त असेल आणि शेजारच्या वस्तीत मे महिन्यात टँकर येत असेल, तर हा प्रश्न फक्त आपल्या खिशाचा राहत नाही.

आणखी एक तुलना. रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला मिळणाऱ्या घरकुलाचे क्षेत्र २६९ चौरस फूट धरले आहे. आपल्या उदाहरणातला ८ बाय ४ मीटरचा तलाव ३४४ चौरस फुटांचा आहे. हे कोणाला खजील करायला सांगत नाही. आपण कुठून निघालो आणि कुठे पोहोचलो, याचे माप हाताशी असावे म्हणून सांगतो.

जमिनीखालचे पाणी आणि भेगा

तलावाचे टाके जमिनीत बसवलेल्या हौदासारखे असते. आतले पाणी त्याला खाली दाबून धरते. पावसाळ्यात धानपट्ट्यात भूजल वर येते. अशा वेळी कोणी सफाईसाठी तलाव पूर्ण रिकामा केला, तर बाहेरचे पाणी खालून रेटा देते आणि रिकामे टाके नावेसारखे वर उचलले जाऊ शकते. फरशी फुटते, नळ तुटतात. म्हणून भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनीच्या बाजूला घर घेत असाल तर विचारा : तळाला भूजलाचा दाब सोडणारी झडप आहे का? पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचे पाणी किती हातांवर येते? नागपूरच्या काळ्या मातीत अडचण वेगळी. ती माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे टाक्याला भेगा पडतात.

गळती तपासायची सोपी पद्धत आहे. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीतल्या आणि तलावातल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि पंप बंद ठेवून २४ तासांनी पाहा. दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले तर ते बाष्पीभवन. तलावाचे जास्त उतरले तर गळती. थंडीत घर पाहायला गेलात आणि तलाव रिकामा किंवा झाकलेला दिसला, तर तो भरून, पंप चालवून दाखवायला सांगा. "उन्हाळ्यात सुरू करू" हे उत्तर घेऊन व्यवहार पुरा करू नका.

कागदपत्रे : येथे चूक झाली तर तलावासकट घर जाते

आपल्यातले अनेक जण कुटुंबात पहिल्यांदाच जमीन किंवा घर विकत घेत असतात. घरात विचारायला अनुभवी माणूस नसतो, म्हणून फसवणारे नेमके आपल्याला गाठतात. निदान एवढे तपासा.

पहिले, सातबारा आणि फेरफार. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिची विक्री होत नाही.

दुसरे, झुडपी जंगलाची नोंद. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा हा खास प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच असल्याचे स्पष्ट केले. जुन्या नोंदीत हे दोन शब्द दिसले तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

तिसरे, अकृषिक परवानगी आणि मंजूर लेआउट. नागपूर महानगर क्षेत्रात असाल तर एनएमआरडीएची मंजुरी पाहा. "मंजुरी येतच आहे" ही मंजुरी नव्हे. मंजूर नकाशात तलाव दाखवला आहे का, तेही पाहा.

चौथे, महारेरा. अगदी लहान प्रकल्प वगळता नोंदणीशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून स्वतः पाहा. २०१६ च्या या कायद्याने करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला विकासकाला बंदी आहे. जाहिरातीत खोटी माहिती देऊन नुकसान केले तर भरपाई मागता येते. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या रचनेत दोष निघाला तर विकासकाने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. म्हणून जलतरण तलावाचा आकार, गाळणी यंत्रणा आणि ताब्याची तारीख करारात लिहून घ्या. माहितीपत्रकातल्या चित्रावर दावा लढवणे फार कठीण जाते.

पाचवे, सोसायटीचा सामाईक तलाव असेल तर देखभाल शुल्क किती, कोण ठरवणार आणि वापराचे नियम काय, हे वाचा. तुम्ही पाण्यात उतरा किंवा उतरू नका, शुल्क भरावेच लागते.

जिथे पाणी खरोखर गोठते

आपली मुले आता कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतही घरे घेत आहेत. तिथली गोष्ट वेगळी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. नळात, पंपात किंवा गाळणीत पाणी राहिले तर ते फुटतात. म्हणून हिवाळ्याआधी तलाव 'बंद' करावा लागतो. पाण्याची पातळी उतरवतात, नळ्यांतले पाणी हवेच्या झोताने बाहेर काढतात, तोंडे बुचांनी बंद करतात आणि वर मजबूत आच्छादन ताणतात. वसंतात पुन्हा उघडायचे. दोन्ही वेळा खर्च, आणि पोहायला मिळतात उन्हाळ्याचे तीन-चार महिने.

जानेवारीत घर घेणाऱ्याला तलाव बर्फाखाली दिसतो, म्हणजे दिसतच नाही. अशा वेळी तलाव तपासणारा स्वतंत्र जाणकार लावा, मागच्या वर्षी तो बंद केल्याची पावती मागा आणि वसंतात तलाव नीट सुरू होईपर्यंत किमतीचा काही भाग वकिलामार्फत रोखून ठेवता येतो का, ते करार करण्याआधी विचारा. कुंपणाचे स्थानिक नियम आणि वाढणारा विमा हेही आधीच पाहा.

तिथे घर घेताना आणखी एक गोष्ट माहीत असावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीय भेदभावाला कायद्याने बंदी घातली, आणि त्यात नोकरीबरोबर घरांचाही समावेश आहे. अमेरिकेतल्या शहराने घेतलेला असा हा पहिला निर्णय. समुद्र ओलांडला म्हणून जात सुटत नाही, हे त्या कायद्यानेच मान्य केले.

लेकरे आणि काम करणारी माणसे

तलाव असलेल्या घरातली सर्वात मोठी जोखीम पैशाची नसून बुडण्याची असते. लहान मूल आवाज न करता बुडते. सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा होत नाही. पोहण्याचे दिवस संपले की धोका संपतो, असेही नाही. उलट थंडीत तलावाकडे कोणाचे लक्ष नसते, वर पाने साचलेली असतात आणि लेकराला ती जमीन वाटते. चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारे, वर कडी असलेले फाटक नसेल तर तलावाचे घर घेऊ नका. सैल प्लास्टिक टाकणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. त्यात लेकरू गुंडाळले जाऊ शकते.

तलाव थंडीत सोडून दिला तर डास होतात. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तुमचा बंद तलाव म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याचा ताप.

आणि तलाव साफ कोण करतो? बहुतेक वेळा आपल्याच समाजातला, नाहीतर आपल्यासारख्याच दुसऱ्या समाजातला माणूस. क्लोरिनची भुकटी आणि आम्ल एकत्र आले तर विषारी वायू होतो. दोन्ही वेगळे ठेवा, हातमोजे आणि मुखपट्टी द्या, पंपाच्या बंद खड्ड्यात एकट्या माणसाला उतरवू नका, पंपाच्या विजेला अर्थिंग आणि गळती-विद्युत खटका बसवा. गटारात माणूस उतरवण्याविरुद्ध मोर्चात घोषणा द्यायच्या आणि घरी मजुराला विनामोजे रसायने हाताळायला लावायची, हे एकत्र चालणार नाही.

खासगी तलाव आणि सर्वांचे पाणी

हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून तो आम्ही येथे मांडतो आहोत. अमेरिकेत सार्वजनिक जलतरण तलावांवरून काळ्या माणसांना मोठा लढा द्यावा लागला. १९४९ मध्ये सेंट लुईसच्या फेअरग्राउंड पार्कचा तलाव काळ्यांना खुला होताच दंगल झाली. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन येथे एका मोटेलच्या तलावात काळे आणि गोरे कार्यकर्ते एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतले. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर काळ्यांना येऊ देण्यापेक्षा सार्वजनिक तलावच बंद केले, आणि १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते चालवून घेतले. पुढे ज्यांना परवडले त्यांनी आपापल्या अंगणात तलाव खोदले आणि खासगी क्लब काढले. ज्यांना परवडले नाही त्यांची लेकरे पोहायला शिकलीच नाहीत.

महाडचे तळे शुद्ध करणारे आणि पाण्यात आम्ल ओतणारा यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, वृत्ती एकच आहे. मुंबईतही ब्रीच कँडीचा तलाव स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे युरोपियनांसाठी राखलेला होता. आज गेटबंद वसाहतीत पाटी जातीची नसते, सदस्यत्वाची असते. घरकाम करणारी बाई तलावाकाठची फरशी पुसते, तिच्या लेकराला पाण्यात पाय टाकता येत नाही. त्या वसाहतीत आपले घर असेल तर आपण कोणत्या बाजूला उभे राहतो, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेल्या, पुढे मालगुजारी म्हणून ओळखल्या गेलेल्या तलावांवर इथली धानशेती उभी राहिली. वैनगंगा शेजारून वाहते. तरीही आपल्या वस्तीतल्या किती मुलांना, त्यातही किती मुलींना पोहता येते? ढिवर समाजाची लेकरे पाण्यात वाढतात म्हणून शिकतात. बाकीची उन्हाळ्यात नदीवर, खदानीवर जातात आणि एखाद्या दिवशी घरी परत येत नाहीत. एका घरातल्या तलावाने हा प्रश्न सुटत नाही.

तथागतांनी सांगितलेला तलाव

अंगुत्तर निकायात व्यग्घपज्ज नावाच्या गृहस्थाला तथागतांनी केलेला उपदेश आहे. त्यात संपत्तीला तलावाची उपमा दिली आहे. तलावाला पाणी आत येण्याच्या चार वाटा आणि बाहेर जाण्याच्या चार वाटा असतात. आतल्या वाटा बुजवल्या, बाहेरच्या उघड्या ठेवल्या आणि पाऊसही पडला नाही, तर तलाव आटतो. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला हे समजायला भाष्यकार लागत नाही. त्याच उपदेशात समजीविता, म्हणजे आवकीला धरून राहणी, सांगितली आहे. थोड्या मिळकतीत थाटाने जगणे चुकीचे, तसेच भरपूर मिळकत असताना हलाखीत जगणेही चुकीचे. म्हणजे तथागत गृहस्थाला गरिबी शिकवत नाहीत, आवक-जावक पाहायला शिकवतात. सिगालोवाद सुत्तातही मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक वापरायला, दोन कामधंद्यात घालायला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला.

ही कसोटी लावून पाहा. हप्ता, पंप, रसायने, पाणी आणि मजुरी वजा जाऊन मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी आणि आडवेळेचा चौथा भाग शाबूत राहत असेल, कागदपत्रे चोख असतील, कुंपण पक्के असेल, तर तलावाचे घर आनंदाने घ्या. शाबूत राहत नसेल तर साधे घर घ्या आणि उरलेल्या पैशातून एक खोली पुस्तकांची करा.

कार्यकर्त्यांसाठी तीन कामे

एक. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून आपल्या जिल्हा क्रीडा कार्यालयाला विचारा : शासकीय जलतरण तलाव आहे का, वर्षातले किती दिवस चालतो, शुल्क किती, मुलींसाठी वेळ आहे का, प्रशिक्षक आणि जीवरक्षक आहेत का? ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते उत्तर विहारात वाचून दाखवा.

दोन. थंडी ओसरली की, मार्चपासून, गावातल्या उथळ आणि तपासलेल्या जागी मुलांना पोहायला शिकवण्याचे वर्ग सुरू करा. ढिवर बांधवांना प्रशिक्षक म्हणून मानधन देऊन बोलवा. कमरेला दोर, फुगवलेली ट्यूब आणि काठावर एक मोठा माणूस, एवढ्याने सुरुवात होते. बुडणाऱ्याला वाचवायला स्वतः उडी न मारता दोर किंवा लांब काठी कशी टाकायची, हे तर प्रत्येकाला शिकवता येते.

तीन. समाजात पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी विहारात महिन्यातून एक रविवार ठेवा. आपल्यातले वकील, निवृत्त तलाठी, बँकेतले आणि वीज मंडळातले लोक बसवा. सातबारा, करार आणि हप्त्याचे गणित तिथे उघडून पाहा. एका माणसाची फसवणूक टळली तरी तो रविवार कारणी लागला.

१९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ज्या जिल्ह्याने तो पराभव पाहिला, त्याच जिल्ह्यातल्या लोकांनी दोन वर्षांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली. त्यांची नातवंडे आज घराच्या जाहिराती पाहत आहेत, याचा आम्हाला आनंदच आहे. फक्त जाहिरातीतला निळा रंग पाहताना डिसेंबरची पहाट आठवावी, आणि आपल्या दारात पाणी आले तर वस्तीतल्या लेकराला पोहायला कुठे मिळेल, हेही विचारावे.

जय भीम! नमो बुद्धाय!